नव्या उंबरठ्यावरचं पहिलं पाऊल

बूश्ता सुताराने जुन्या उंबरठ्याच्या बरोबर मधोमध करवत लावली आणि पहिला हात ओढला, तेव्हा महजूबाने नजर वळवली. बावीस वर्षं तिने तो उंबरठा रोज सकाळी घासला होता. काळा साबण, जाड केसांचा ब्रश आणि दोन बादल्या पाणी. मोरोक्कोतल्या सफ्रू गावच्या त्या अख्ख्या बोळात इतका लख्ख उंबरठा दुसरा नव्हता, हे तिचं वाईट चिंतणाऱ्यांनीही कबूल केलं असतं. आणि आता हा सुतार म्हणत होता काय, तर लाकूड चालून झिजलंच नाही, घासून झिजलं!

"पायांनी झिजलं असतं तर मधे खळगा पडला असता," बूश्ता करवत थांबवून म्हणाला. "हा बघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा खाल्लाय. कुणी घासला एवढा?"

"हिने," चौकातल्या गादीवरून तिच्या सासूबाई, तामू खालती म्हणजे तामू मावशी, म्हणाल्या. "दुसरं कोण? हिला मोकळं सोडलं तर भिंतीसुद्धा घासून पलीकडच्या घरात जाईल."

सुतार खो खो हसला. महजूबाला हसू आलं नाही. सासूचं बोलणं कौतुकाचं असतं की टोमण्याचं, हे बावीस वर्षांत तिला कधी उमगलं नव्हतं. आता तर ते उमगून घ्यायची इच्छाही उरली नव्हती.

"आणि दाराच्या बुडाला ही पट्टी कुणी ठोकली?" बूश्ताने विचारलं.

"आमच्या यांनी. गेल्या थंडीत पाऊस खालून आत यायला लागला, म्हणून."

"थामीभाऊंचा हात थरथरत होता का ठोकताना? सहा खिळे आणि सहाही वाकडे!" त्याने मान हलवली. "नवा उंबरठा पुऱ्या उंचीचा बसला की ही काढावी लागेल. नाहीतर दार उघडणारच नाही. आणि एवढ्या उंचीची तुमच्या पायांना सवय राहिली नाही, बरं का. पहिला आठवडा सगळे ठेचकाळणार."

ठेचकाळू दे, महजूबाच्या मनात आलं. सगळ्यांत आधी ती ठेचकाळू दे.

ती म्हणजे बहिजा. धाकटी जाऊ. तीन वर्षांपूर्वी या घरात आली आणि जणू आकाशातून उतरली. ती आली त्या महिन्यात तिच्या नवऱ्याला, जवादला, दुकानाचा परवाना मिळाला. कुणामुळे? बहिजामुळे. पुढच्या वर्षी चेरीची झाडं लगडून वाकली. कुणामुळे? बहिजामुळे. मग मुलगा झाला, गुटगुटीत, आल्यागेल्याकडे झेप घेणारा. आणि कळस म्हणजे स्वयंपाकघराचं छप्पर गळायचं थांबलं, तर शेजारची रहमा चक्क म्हणाली, "सून आणावी तर अशी. हिचा उंबरठा चांगला गं बाई, घराची गळतीसुद्धा थांबली!" अगं मेले, गळती थांबली कारण महजूबा भर उन्हात शिडी लावून वर चढली होती आणि दोन दिवस चुना लावत होती! तिचे हात आठवडाभर सोलवटलेले होते. ते कुणाला दिसले नाहीत. दिसला तो बहिजाचा पायगुण.

आणि महजूबाचा पायगुण? तो विषयच नको. ती लग्न होऊन आली आणि तिसऱ्या दिवशी सासरे चौकात चहा पिता पिता गेले. पेला हातात तसाच. त्याच आठवड्यात खेचराने पाय मोडून घेतला. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण चाळीसाव्याच्या जेवणाला आलेल्या बायका तिच्या हातचं पाणी घेताना आधी "बिस्मिल्ला" म्हणायच्या. एरवी म्हणतात तसं नव्हे, जरा जोरात. पुढे तिची दोन मुलं पोटातच गेली, एक मुलगी जगली, ती मेकनेसला दिली. एवढाच हिशोब. सासूने कधी एका शब्दाने बोल लावला नाही. पण न बोललेलं काय ऐकू येत नाही का? महजूबाला ते बावीस वर्षं ऐकू येत होतं.

परवा मसुराची आमटी वाढता वाढता तामू खालतींनी सांगून टाकलं, "गुरुवारी बूश्ता येतोय. नव्या उंबरठ्यावर पहिलं पाऊल बहिजाचं."

बस्स. महजूबाने पळी आमटीतच सोडली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. बाहेर सासू आणखी काहीबाही सांगत होत्या, जवाद हसत होता, पोरगं किंचाळत होतं. आत ही स्वच्छ भांडी पुन्हा घासत होती, इतक्या जोरात की पुढचा एक शब्द तिच्या कानी आला नाही. नव्या उंबरठ्यावर ज्या बाईचं पाऊल पहिलं पडतं, तिचं नशीब पुढे त्या घराला लागतं. जुना उंबरठा निघाला की जुनं सगळं धुतलं जातं. हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. याच दिवसाची तिने वाट पाहिली होती, खोटं कशाला बोला. गेल्या थंडीत पाणी आत यायला लागलं तेव्हा सगळे कुरकुरले, ही एकटी मनातून हरखली होती. उंबरठा बदलेल, दूध शिंपडलं जाईल, आपण उजवा पाय टाकू, आणि सासरे, खेचर, दोन्ही बाळं, सगळ्यांचा दोष एकदाचा आपल्या पायावरून उतरेल. आणि तो मानही त्या तीन वर्षांपूर्वी आलेल्या पोरीला!

आज सकाळी बहिजा नटूनथटून हमामला गेली. बादली, साबण, मेंदी, काखेत पोरगं. "लल्ला, तुम्ही पण चला ना," नेहमीसारखी मानाची हाक मारत ती दारात वळून म्हणाली होती. "पाठ चोळून देते. मग दोघी मिळून येऊ."

"मी आले तर सुताराच्या हाताखाली कोण उभं राहील? तुझा बाप?"

बहिजाचा चेहरा पडला. महजूबाला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच त्याचा राग आला. एवढ्याशा बोलण्याने चेहरा पाडायला काय झालं? आम्ही बावीस वर्षं ऐकलं नाही?

अशा सगळ्या रागातून एक पुरचुंडी तयार झाली होती आणि आता ती तिच्या कमरेच्या कपड्यात खोचलेली होती.

बहिजाची एक पिवळी ओढणी होती, निळ्या मोरांची. जवादने फेस शहरातून आणलेली, बोळात तशी दुसरी कुणाकडे नाही. दोरीवर वाळत असताना महजूबाने तिचा कोपरा टर्रकन फाडला. त्यात सासूच्या कंगव्यातले पांढरे केस ठेवले, एक गंजका खिळा ठेवला आणि सात गाठी मारल्या. उंबरठ्याखाली अशी वस्तू निघाली की तिला एकच नाव असतं, करणी. सुताराला ती सापडेल, तो बोंब मारेल, बोळ गोळा होईल. केस कुणाचे? म्हातारीचे. कापड कुणाचं? ते तर आंधळाही सांगेल. मग पाहू या पहिलं पाऊल कुणाचं पडतं ते! फार झालं तर माहेरी जाईल चार महिने. मरत नाही कुणी माहेरी जाऊन.

उंबरठ्याचे दोन तुकडे झाले. बूश्ताने पहार घालून एक तुकडा उचकटला, मग दुसरा. खालची माती ओली, काळी, मुंग्यांनी भरलेली. त्याने ती खुरप्याने साफ केली. देवदाराची नवी फळी बोळातल्या भिंतीला उभी होती, तिचा वास चौकभर पसरला होता. एवढ्यात वरच्या मशिदीतून दुपारची बांग झाली.

"नमाज पढून येतो, लल्ला महजूबा," हात झटकत तो म्हणाला. "तोवर चुन्यात थोडं पाणी घालून ठेवाल? आणि खड्ड्यात कुणाचा पाय पडणार नाही ते बघा."

तो गेला. तामू खालती नमाजासाठी आतल्या खोलीत वळल्या. चौक रिकामा झाला. महजूबाने एकदा बोळात पाहिलं, एकदा आत पाहिलं आणि खड्ड्यापाशी बसकण मारली. कमरेची पुरचुंडी मुठीत घेताना दोनदा निसटली. तिला उगाच थामीचे वाकडे खिळे आठवले. बिजागरीच्या बाजूला माती जरा भुसभुशीत होती. सुताराचं खुरपं तिथवर पोचलेलं नव्हतं. तिथेच बरं, असं म्हणत तिने बोटं आत घातली.

बोटांना कापड लागलं.

आधी वाटलं मुळी असेल. ओढली तर एक पुरचुंडीच बाहेर आली, मुठीएवढी, मातीने काळी झालेली. म्हणजे खरोखरच कुणीतरी! तिने नखाने माती खरवडली. खाली हिरवं रेशीम निघालं, त्यावर सोनेरी जर, तिरपी, चौकटीचौकटीची. हे कापड तिने हजारात ओळखलं असतं. तिच्या लग्नातल्या कमरपट्ट्याचं होतं ते. पट्ट्याचं एक टोक लग्नानंतर आठवड्याभरात नाहीसं झालं होतं आणि तिला वाटलं होतं की पाहुण्यांपैकी कुणीतरी कापून नेलं.

गाठ कुजलेली होती, ओढताच सुटली. आत मीठ होतं, दगड झालेलं, नजर उतरवायला जाळतात तो थोडा हरमल, तुरटीचा खडा आणि घडी घातलेला चामड्याचा ताईत. बावीस वर्षं! बावीस वर्षं आपल्या पायाखाली हे होतं आणि आपण वरून घासत होतो! म्हणून बाळं गेली. म्हणून काहीच टिकलं नाही. कोण ती रांड? कुठल्या नणंदेने केलं? कुठल्या शेजारणीने?

"उगाच कुणाला शिव्या घालू नकोस," मागून आवाज आला. "मी ठेवलंय ते."

तामू खालती भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्या कधी येतात ते ऐकू यायचं. आज मात्र महजूबाला काही ऐकू आलं नव्हतं.

"तुम्ही?" महजूबा उठली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज सासूपुढे चढला. "माझ्यावर करणी केलीत? खालती, मी तुमचं काय वाईट केलं होतं? तुमचे पाय दाबले, तुमची आजारपणं काढली, आणि तुम्ही माझ्या लग्नाचं कापड..."

"गप. आधी ऐकून घे. परवासारखी उठून पळू नकोस." म्हातारी हळूहळू जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकली. "हे गेले, त्याच्या चौथ्या दिवशी यांच्या दोघी बहिणी इथे याच चौकात बसल्या होत्या. म्हणाल्या, पोरीचा पाय वाईट आहे, चाळीस दिवस संपायच्या आत हिला परत पाठव, नाहीतर मुलगाही जाईल. थामीला तर त्यांनी निम्मा पटवलाही होता."

"यांना? पटवलं होतं?"

"तो तेव्हा वीस वर्षांचा होता आणि बाप गेलेला. त्याला कुणीही काहीही पटवलं असतं."

"आणि तुम्हाला?"

तामू खालतींनी ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. "मलाही वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? मी पण माणूसच आहे. नवरा गेला की कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडावंसं वाटतं. पण तू काय केलंस? तू त्या दिवशी उठून उंबरठा घासलास. घरात सुतक, सगळे रडतायत, आणि ही सतरा वर्षांची पोर बादली घेऊन उंबरठ्यावर. मी विचारलं, अगं हे काय? तर म्हणालीस, माणसं येतील ना खालती, घाण दिसेल." म्हातारी थांबली. "मी म्हटलं, ही गेली तर मग या घरात उरलं काय? मग मशिदीच्या फकीहकडून ताईत लिहून आणला. तुझ्या पट्ट्याचा तुकडा कापला. कोपऱ्यातली वीट काढून आत ढकलला. पाय बांधायचा ताईत आहे तो. तू इथून जाऊ नयेस म्हणून. आणि नणंदांना सांगितलं, उंबरठ्याने हिला धरून ठेवलंय, आता तुम्ही दोघी काय, मीही हिला काढू शकत नाही."

महजूबाने हिरवा तुकडा उलटा करून पाहिला. "मग हे सांगितलं का नाही कधी? एकदा तरी?"

"सांगितलं तर ताईत उतरतो, असं फकीह म्हणाला. आणि पुढे विसरलेच. तुला काय वाटत होतं, मी तुझ्याबद्दल काय धरून बसलेय मनात?"

महजूबाने ओढणीऐवजी मातीच्या हातानेच डोळे पुसले आणि डोळे आणखी चुरचुरले. पण आतली आग एवढ्याने थोडीच विझते? तीन वर्षांची आग ती.

"एवढं होतं, तर पहिलं पाऊल बहिजाचं का?"

"मग कुणाचं? ती हमामहून येणार, अंगावर कोरा पोशाख, कडेवर मूल. बाहेरून आत तीच येणार ना?"

"आणि मी?"

"तू काय?" म्हातारीला खरंच कळलं नाही. "तू आत. वाटी घेऊन. दूध शिंपडणार कोण, तिला दूध-खजूर देऊन घरात घेणार कोण? यजमानीण नको का दारात? माझ्याने उभं राहवत नाही. परवा सगळ्यांसमोर सांगितलं की हे. तू भांडी आपटत होतीस." मग एकदम चिडून म्हणाल्या, "तुला काय आता पाहुणीसारखी बाहेर उभी करून आत घेऊ? बावीस वर्षांनी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

महजूबाच्या एका हातात हिरवं कापड होतं. दुसरी मूठ घट्ट आवळलेली होती आणि बोटांच्या फटीतून पिवळं टोक बाहेर आलं होतं, त्यावर निम्मा निळा मोर.

तामू खालतींची नजर त्या मुठीवर गेली. तिथेच थांबली. महजूबाला वाटलं, आता धरणी दुभंगेल तर बरं. तिने मूठ मागे घेतली, पण उशीर झाला होता.

म्हातारी भिंतीचा आधार घेत उठली. "मी म्हातारी झालेय, महजूबा. आंधळी नाही झाले," ती म्हणाली. "खड्ड्यात तू जे ठेवशील, त्याच्यावर बूश्ता फळी ठोकणार. देवदार आहे. माझ्या हयातीत ती निघायची नाही, तुझ्याही नाही. काय ठेवायचं ते तू ठरव. मी दूध तापवते."

आणि ती खरंच गेली. मागे वळूनही पाहिलं नाही. एक शिवी घातली असती तर महजूबाला सोपं गेलं असतं.

बोळात बूश्ताच्या सपाता वाजायला लागल्या. महजूबा खड्ड्यापाशी पुन्हा बसली. पिवळ्या पुरचुंडीच्या सातही गाठी तिने दातांनी सोडवल्या. गंजका खिळा गटारात भिरकावला. केसांचा गुंता तळहातावर होता, पांढरा, हलका. फेकून द्यावा का? फुंकर मारली असती तर उडून गेला असता. पण तिने तो हिरव्या कापडात ठेवला, ताईताशेजारी. वर मीठ, हरमल, तुरटी. मग त्यावर मोराचा तुकडा गुंडाळला आणि एकच गाठ मारली, चांगली करकचून.

"बसा आता तिघी एकमेकींच्या उरावर," ती दातओठ खात पुटपुटली. "जन्मभर."

आणि पुरचुंडी बिजागरीच्या कोपऱ्यात, हात कोपरापर्यंत घालून, खोल दाबली. वर माती थापटली.

बूश्ताने चुना ओतला, फळी बसवली, पाणी बाहेर उतरावं म्हणून तिला बोटभर उतार दिला, हातोड्याने ठोकून ठोकून आवाज भरीव येईपर्यंत थांबला नाही. मग दार उतरवून थामीची पट्टी काढली. सहा वाकडे खिळे त्याने हसत महजूबाच्या हातावर ठेवले, "हे भाऊंना परत द्या." दार लागलं तेव्हा खालून बोटभर उजेडही दिसेना.

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या सुमारास बहिजा आली. गाल लालबुंद, कडेवर झोपलेलं पोर, डोक्यावर तीच पिवळी ओढणी. मागे रहमा आणि बोळातल्या आणखी तीन-चार जणी. थामी आणि जवाद दुकान बंद करून भिंतीशी उभे होते. महजूबा आत, दाराच्या चौकटीत, दोन्ही हातांत दुधाची वाटी धरून. तिने वाटी तिरपी केली, नव्या लाकडावर दुधाची धार सोडली. देवदाराने ती लगेच पिऊन टाकली.

"उजवा पाय," आतून तामू खालतींनी हुकूम सोडला.

बहिजाने पाय उचलला, जुन्या सवयीने, जुन्या उंचीचा. बोटं फळीच्या कडेवर आपटली. ती पुढे झुकली, पोर कडेवरून सरकलं, बायकांनी "या लतीफ!" असा देवाचा धावा केला. एवढ्यात महजूबाने एका हाताने तिचा दंड पकडला, असा की दुसऱ्या दिवशी तिथे वळ उठावा. दुसऱ्या हातातली वाटी तशीच सरळ.

"बघून चाल ना गं! पाय जरा वर उचल. आता उंच आहे तो."

बहिजा सावरली आणि उंबरठा ओलांडून आत आली. महजूबाने तिच्या ओठांना वाटी लावली, हातावर खजूर ठेवला. दूध पिता पिता बहिजाची ओढणी खांद्यावर घसरली आणि फाटका कोपरा पुढे आला.

"बघा ना लल्ला," ती कुजबुजली. "नवी कोरी होती. उंदराने कुरतडली वाटतं."

"हो," महजूबा म्हणाली. कान तापले होते तिचे. "मोठा होता. माझी हिरवी घे तू. पेटीत पडूनच असते."

बाहेरून रहमाचा आवाज आला, बोळात घुमेल असा. "पाहिलंत? ठेच लागूनसुद्धा दुधाचा एक थेंब सांडला नाही! उगाच म्हणत नाही मी, बहिजाचा उंबरठाच चांगला!"

महजूबाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने तोंड उघडलं, पण त्याआधी चौकातून म्हातारीचा आवाज आला, शेजारची दोन्ही घरं ओलांडून जाईल एवढा.

"काय गं रहमा, डोळे हमाममध्ये विसरून आलीस का? वाटी कुणाच्या हातात होती?"

रहमा वाटीकडे बघत राहिली. मग थामी म्हणाला, "महजूबाच्या." आणि उरलेलं दूध मागायला त्याने उंबरठ्याबाहेरून हात पुढे केला.

"आत या आधी," महजूबा म्हणाली. "आणि पाय वर उचला."